कठड्यापलीकडची जमीन

हंगामातल्या शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणाला बंदी असते. साठच्या दशकापासून चालत आलेली ही बंदी आजही टिकून आहे. प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणासाठी जिथे अब्जावधी पौंड मोजले जातात, तिथे आठवड्यातली सगळ्यात मोक्याची वेळ मुद्दाम रिकामी ठेवायची, ती कशासाठी? लोकांनी टीव्हीसमोर ठाण मांडून न बसता घराजवळच्या मैदानावर जावं म्हणून. लहान क्लबांचा गल्ला त्याच दोन-अडीच तासांत भरतो.

या लहान क्लबांची संख्या प्रचंड आहे. इंग्लिश फुटबॉलमध्ये वरच्या टोकाला प्रीमियर लीगचे 20 संघ आणि त्याखाली तीन विभागांत 72. या 92 संघांच्या खालचं सगळं नॉन-लीग. तिथेही एकाखाली एक लीग आहेत आणि दर हंगामाला चढउतार चालूच असतो. मात्र 92च्या आतलं दार बराच काळ बंद होतं. बाहेरच्या संघाला घ्यायचं की नाही, हे आतले क्लब मतदान करून ठरवत, आणि बहुधा एकमेकांनाच सांभाळून घेत. नॉन-लीगचा विजेता थेट वर जाईल हा नियम लागू झाला आणि 1987मध्ये स्कारबरो त्या वाटेने पहिल्यांदा आत आला. म्हणजे आज निदान कागदावर तरी सर्वांत खालच्या पायरीवरून सर्वांत वरच्या पायरीपर्यंत सलग वाट आहे.

दक्षिण लंडनमधल्या डलिच हॅम्लेट या क्लबाचं चॅम्पियन हिल मैदान पाहायला गेलात तर आधी दिसतं एक भलंमोठं सुपरमार्केट. फुटबॉल त्याच्या मागे. ईस्ट डलिच स्टेशनवरून गुलाबी आणि गडद निळ्या मफलरींच्या मागे चालत राहिलं की फाटक येतं. आत गेल्यावर मैदानाभोवती कंबरेएवढा कठडा, आणि त्यावर कोपर टेकून उभी असलेली माणसं. कोणी पोराला खांद्यावर घेतलेलं, कोणी कुत्रा आणलेला, बऱ्याच जणांच्या हातात बिअरचा ग्लास. हा ग्लास साधा नाही. 1985च्या कायद्यामुळे वरच्या पाच पातळ्यांवरच्या मैदानांत खेळ दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. सहाव्या पातळीपासून खाली पिता येते. सरकारला इथल्या प्रेक्षकाची भीती वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मध्यंतराला बाजू बदलतात तेव्हा समर्थकही आपलं बाडबिस्तर उचलून दुसऱ्या गोलच्या मागे जातात, कारण आपला संघ आता तिकडे हल्ला करणार. वाटेत पाहुण्या संघाचे लोक समोरून येत असतात. टोमणे होतात, मारामारी सहसा होत नाही. गोलकीपर आपल्या बचावफळीला काय काय सुनावतो, तेही शब्दशः ऐकू येतं.

याच क्लबाच्या एडगर केल या खेळाडूने 1929मध्ये, हौशी असताना, इंग्लंडच्या संघात स्थान मिळवलं आणि पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्धच्या पदार्पणात दोन गोल मारले. मैदानाकडे जाणाऱ्या वाटेला त्याचं नाव आहे आणि त्याला कधीच न पाहिलेली पोरं आजही त्याच्या नावाची गाणी म्हणतात.

अशा मैदानांवर लिहिणारे इथेच विरघळतात. हेच खरं फुटबॉल, पैशाने न बाटलेलं, वगैरे. मला हे पटत नाही. नॉन-लीगमध्येही खेळाडूंना पैसे मिळतात, हौसेला मोल नसलेले धनिक इथेही क्लब विकत घेतात आणि कंटाळा आला की वाऱ्यावर सोडतात. जवळीक आहे ती गर्दी बेताची आहे म्हणून. उद्या तीस हजार लोक आले तर कठड्याच्या जागी कुंपण येईल आणि बिअर बाहेर जाईल. चॅम्पियन हिलच्या जुन्या मैदानावर 1933च्या अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्याला वीस हजारांवर लोक जमले होते. तेव्हाचा प्रेक्षक आजच्यापेक्षा जास्त निर्मळ होता असं कोण म्हणेल?

फरक मनात नाही, जमिनीत आहे. शहर वाढतं, मैदानाखालच्या मातीचा भाव क्लबाच्या शंभर वर्षांच्या तिकीटविक्रीच्या पुढे जातो, आणि मग जो हिशेब मांडला जातो त्यात क्लब कायम तोट्यातच दिसतो. सुपरमार्केट उभं आहे ते जुन्या मैदानाच्या जागेवर. आताचं लहान मैदान 1992पासूनचं. पुढे तीही जमीन विकासकाच्या हाती गेली. तिथे घरं बांधायची होती, त्यावरून बिनसलं, आणि मार्च 2018मध्ये क्लबाला बाहेर काढण्यात आलं. क्लबाने स्वतःचं नाव वापरू नये असं वकिली पत्रही आलं. सव्वाशे वर्षांच्या क्लबाला तुमचं नाव तुमचं नाही असं सांगायची हिंमत जमिनीच्या मालकीतूनच येते. संघ टूटिंगजवळच्या दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर खेळला, त्याच हंगामात वरच्या पातळीवर चढला, आणि डिसेंबरमध्ये घरी परतला. नगरपालिका, खासदार आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर उतरलेले समर्थक नसते तर हे झालं नसतं.

सगळ्यांच्या नशिबी असं परतणं नसतं. इलफर्डचंच बघा. 1948च्या ऑलिंपिकमध्ये चॅम्पियन हिलवर एक सामना झाला. त्याच स्पर्धेत लंडनच्या पूर्वेकडच्या इलफर्डमध्ये भारत फ्रान्सशी खेळला. आपले बरेच खेळाडू अनवाणी, दोन पेनल्टी वाया गेल्या, 2-1ने हार. इलफर्डच्या क्लबाचं मैदान पुढे हातचं गेलं आणि 1979मध्ये तो शेजारच्या लेटनस्टोनमध्ये विलीन झाला. आणखी विलीनीकरणं होत 1992मध्ये त्यातून डॅगनम अँड रेडब्रिज हा क्लब निघाला, ज्याच्या नावात इलफर्ड कुठेच नाही.

कायदा काही प्रमाणात मदत करतो. 2011च्या कायद्यानुसार एखादी जागा लोकांच्या उपयोगाची मालमत्ता म्हणून नोंदवता येते. मग मालकाने विकायला काढली तर स्थानिकांना पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. पण मालकाने त्यांनाच विकावी अशी सक्ती नाही. लंडनमध्ये सहा महिन्यांत वर्गणी काढून जमीन घेणं किती जणांना जमेल?

कोल्हापूरच्या वाचकाला यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ, पेठापेठांतली ईर्षा आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी पाहिली तर नॉन-लीग समजावून सांगायची गरज उरत नाही. उलट आपली गर्दी डलिचपेक्षा मोठी. नाही ती शिडी: तालमीचा संघ जिंकत जिंकत देशाच्या पहिल्या लीगपर्यंत पोचेल अशी रुळलेली वाट आपल्याकडे नाही. पण शिडीपेक्षा मला जमिनीची काळजी जास्त वाटते. शिडी उद्याही बांधता येईल, गेलेलं मैदान परत येत नाही. खेळाच्या मैदानाचं आरक्षण कसं उठतं हे महाराष्ट्रातल्या शहरांत राहणाऱ्याला सांगायला नको. आधी भिंत पडते, मग गवत वाढतं, मग इथे कोणी खेळतच नाही असा शेरा येतो.

म्हणून हंगामात लंडनला गेलात तर एखादा शनिवार मोठ्या स्टेडियमच्या सहलीऐवजी अशा मैदानाला द्या. तिकीट दहा-पंधरा पौंडांचं, आणि तो पैसा थेट क्लबाला मिळतो. मात्र त्याआधी, जमलं तर याच आठवड्यात, तुमची मुलं जिथे खेळतात त्या मैदानाचा मिळकत उतारा काढा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा.