टाचांवर चार पावलं

येवल्यात एका गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड आहे. तिच्यात खड्ड्याचे दोन माग शेजारी शेजारी. एकावर नाना बसतात, दुसऱ्यावर बापू बसायचे. बावीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या फणीचा ठोका ऐकत पैठण्या विणल्या. अशा मागावर बसायचं म्हणजे खड्ड्याच्या कडेला बूड टेकायचं, पाय खाली सोडायचे, आणि पुढे वाकून दिवसाचे आठ-दहा तास पदरावरचा मोर एकेका कांडीने भरायचा. कंबर त्यात काय सोसते ते विणकराच्या बायकोला विचारावं. रात्री तेल चोळायला तीच असते.

नानांचं दुखणं पौषात सुरू झालं. आधी कंबर धरली. ती दर थंडीत धरायची, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण आठवड्याभरात दुखणं कमरेतून निघालं आणि उजव्या कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या कडेने उतरत पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलं. शिंक आली की पायातून वीज जायची. मागावर अक्षय्य तृतीयेच्या लग्नाची पैठणी लागलेली, पदर अर्धा झालेला.

मग जो तो सल्ला घेऊन आला. पलीकडच्या आळीतल्या पायाळू पोराला बोलावून कमरेवर तीनदा पाय लावून घेतला. शेक झाला, लेप झाला. साडू म्हणाला, "सरळ ऑपरेशन कर. माझं झालं, तिसऱ्या दिवशी जिना चढलो. इंजेक्शन म्हणजे पैसे पाण्यात." चुलतसासरे म्हणाले, "मणक्याला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळतो. मी सुई घेतली, आज शेतात जातो." दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. दोघं खरोखर बरे झाले होते. मला वाटतं, आजारपणात सगळ्यात जपून ऐकावं ते अशा बऱ्या झालेल्या माणसाचं. खोटारड्याला आपण चार प्रश्न विचारतो, याला एकही विचारत नाही.

शेवटी सुनेने गाडी ठरवली आणि नानांना नाशिकला मणक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआयचं पाकीट नानांनी पुढे केलं. डॉक्टरांनी ते न उघडता बाजूला ठेवलं.

"जास्त काय दुखतं, कंबर की पाय?"

"पाय. कंबरेचं काय, सवय आहे."

"टाचांवर चार पावलं चाला बघू."

नाना वाकडे झाले, पण चालले. मग चवड्यांवर चालले. डॉक्टरांनी पायाचा अंगठा वर ओढायला लावून स्वतः खाली दाबून पाहिला. अंगठ्यात जोर होता. खाटेवर झोपवून सरळ पाय वर उचलला, तर निम्म्यातच नानांनी दात आवळले. आणि मग डॉक्टरांनी विचारलं, "लघवी नीट होते? बसायच्या जागी बधिर वाटतं का?" सुनेसमोर हा प्रश्न! नानांनी खाली बघत 'तसलं काही नाही' अशी मान हलवली. नाशिकहून परतताना तो प्रश्न त्यांना टोचत राहिला, आणि म्हणूनच पुढे तो त्यांना आठवला.

पाकीट आता उघडलं. डॉक्टर म्हणाले, "लोक म्हणतात गादी सरकली, गॅप आला. तसं नसतं. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. कडं फाटलं की गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसतो. तुमचा चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधला आलाय."

"मग तो काढलाच पाहिजे ना?"

"फोटोवरून मी ते ठरवत नाही. १९९४ साली अमेरिकेत ९८ लोकांचे एमआरआय काढले. एकाचीही कंबर दुखत नव्हती. तरी निम्म्याहून थोड्या जास्त जणांच्या कण्यात कुठली ना कुठली चकती फुगलेली निघाली. फोटोत दिसतं ते सगळं दुखत नाही. दुसरं म्हणजे, बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू जिरवून टाकतं."

नानांना हे नवं होतं. साडूही बरोबर आणि सासरेही बरोबर हे कसं, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी नेदरलँड्समधला एक अभ्यास सांगितला. २००७ साली तो छापून आला. पायात उतरलेल्या असह्य दुखण्याचे २८३ रुग्ण, दीड ते तीन महिन्यांपासून बेजार. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन लगेच, दुसऱ्याला थांबायला सांगितलं आणि अगदीच सोसेना तर पुढे ऑपरेशन. वर्षाने पाहिलं तर दोन्ही गटांत शंभरातले पंचाण्णव बरे. फरक एवढाच, ज्यांचं लगेच ऑपरेशन झालं ते कितीतरी आधी सुटले. आणि थांबलेल्यांपैकी शंभरातल्या एकोणचाळीस जणांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावंच लागलं.

"म्हणजे मुक्काम एक, वाटा दोन," नाना म्हणाले.

"हो. ऑपरेशनने पायाचं दुखणं लवकर जातं. कमरेचं तितकं जाईलच असं नाही, आणि काहींचा गर पुन्हा बाहेर येतो. इंजेक्शन गर आत ढकलत नाही. यंत्रात बघत बघत नसेजवळ औषध सोडायचं, तिची सूज उतरवायची. काही आठवडे, कधी काही महिने आराम. तेवढ्या वेळात शरीराने आपलं काम केलं तर सुरी टळते. तुम्हाला साखर आहे, ती इंजेक्शननंतर काही दिवस चढेल, रोज तपासायची." मग ते थांबले आणि म्हणाले, "पण नाना, ही निवड तुम्हाला आहे, कारण तुमच्या पायाचा जोर शाबूत आहे. ज्याचा जोर जायला लागला, त्याला ही निवड नसते."

नानांनी इंजेक्शन घेतलं. पहिले दोन दिवस काही कळलं नाही, मग पाय हलका होत गेला. साखर चढली, उतरली. कांडी संपली की उठायचं, शेडमध्ये चार फेऱ्या मारायच्या, मग पुढची कांडी, अशी शिस्त त्यांनी लावून घेतली. फाल्गुन सरता सरता दुखणं पोटरीपर्यंत, मग मांडीपर्यंत मागे सरलं, आणि चैत्रात नाहीसं झालं. पैठणी वेळेवर गेली.

बऱ्या झालेल्या नानांच्या मनात डॉक्टरांचं बाकी सगळं बोलणं राहिलं. शेवटचं वाक्य तेवढं पुसलं गेलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर बापूंचा डावा पाय धरला. आता गल्लीत सल्ला द्यायला नाना होते. "माझं हुबेहूब असंच होतं. घाबरू नको. एक सुई, दोन महिने धीर. माझं गेलं, तुझंही जाईल." बापूंचा नानांवर विश्वास होता. बावीस वर्षांत नानांनी त्यांना कधी चुकीचा सल्ला दिला नव्हता.

बापू नाशिकला गेले नाहीत. मोडलेला दिवस, गाडीचं भाडं, सगळं जड. गावातल्या दवाखान्यात जाऊन म्हणाले, "नानांना दिलं ते इंजेक्शन द्या." तिथल्या डॉक्टरांनी दुखणं थांबवणारी साधी सुई कुल्ल्यात दिली आणि एमआरआयची चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी देवघराच्या फळीवर राहिली. आपल्याकडे इंजेक्शन हा शब्द एकच आहे, म्हणून किती घरांत हा घोटाळा होतो! कुल्ल्यातली सुई रात्रभर झोप देते. सुजलेल्या नसेशी तिची गाठही पडत नाही. बापू मात्र समजले की नानांचा उपाय आपण केला, आता धीर धरायचा.

मग त्यांची चप्पल निसटायला लागली. डाव्या पायातली. चार पावलं पुढे गेल्यावर बायको मागून ओरडायची, तेव्हा त्यांना कळायचं. उंबऱ्याला पाय अडखळायचा. मागावर डावा पाय खालच्या पट्टीवर नीट पडेना, आणि काठात दोन ठिकाणी चूक राहिली. ज्या बापूंच्या नारळी काठात व्यापाऱ्याला कधी बोट ठेवायला जागा मिळाली नव्हती, त्यांच्या काठात. नानांना शेजारून ते ऐकू आलं. बावीस वर्षं सरळ चालणारा ठोका मध्येच अडखळत होता. ते म्हणाले, "लक्ष कुठंय, बापू?"

एवढंच म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात बापूंचं दुखणं कमी झालं. वीज येईना, पोटरी शांत. बापूंनी मारुतीला नारळ फोडला. नाना म्हणाले, "बघ, सांगितलं नव्हतं?" पाय लुळा पडत चाललेला, आणि दोघं आनंदात. नाना बरे झाले तेव्हा त्यांची नस मोकळी होऊन शांत झाली होती. बापूंची नस दबून दबून गप्प होत होती. बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच. ओळखायला जोर तपासावा लागतो, आणि तो तपासायला कुठलं यंत्र लागत नाही.

त्यानंतर चार दिवसांनी संध्याकाळी बापूंनी काहीतरी उचलायला वाकून अंग सावरलं आणि दोन्ही पायांत मुंग्या भरल्या. मागावर बसले तर खाली घडी घातलेली सतरंजी आहे असं वाटलं. हाताने चाचपलं, सतरंजी नव्हती. रात्री पोट फुगल्यासारखं झालं. तीनदा उठले, लघवी उतरेना. बायकोला सांगायलाही त्यांना पहाट झाली. तिने भिंतीपलीकडून नानांना हाक मारली आणि पदराआडून कसंबसं सांगितलं.

नाना अंथरुणात उठून बसले. सुनेसमोर विचारलेला तो प्रश्न त्यांना शब्दाशब्दाने आठवला. त्याच्यामागोमाग ते पुसलेलं वाक्यही आठवलं. उजाडायच्या आत जीप निघाली.

कण्याच्या तळाशी घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. लघवी, संडास आणि बसायच्या जागेची जाणीव त्या नसा सांभाळतात. गराचा मोठा तुकडा मधोमध येऊन झुबक्यावर बसला की इंजेक्शन घ्यावं की ऑपरेशन करावं हा प्रश्नच उरत नाही. तासांचा हिशेब सुरू होतो. बापूंना दुपारी टेबलावर घेतलं. बाहेर बाकावर नाना बसून होते. डॉक्टर आले आणि म्हणाले तुकडा निघाला, आता नसा किती सावरतात ते बघायचं. मग विचारलं, "चप्पल केव्हापासून निसटत होती?"

"तीन आठवडे झाले असतील," नाना म्हणाले. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. दोष कुणी दिला नाही. नानांना मात्र तो कागद आजही दिसतो.

बापू नळी लावूनच घरी आले. लघवी काही महिन्यांत बरीचशी ताब्यात आली. बसायची जागा अजून पूर्ण जागी झालेली नाही. डाव्या पायाला प्लास्टिकची पट्टी आहे, तिच्याशिवाय पाऊल लोंबतं. मागावर ते बसत नाहीत. नानांच्या मागे बसून कांड्या भरून देतात आणि पोरांना मोर शिकवतात. नानांवर ते रागावले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "तू माझ्या भल्याचंच सांगत होतास रे." नानांना ते रागापेक्षा जड गेलं.

आता कुणी कमरेला हात लावून शेडमध्ये आलं, की नाना धोटा खाली ठेवतात. सुई घेऊ की सुरी, असं विचारलं तर सांगतात, "ते मला कळत नाही. चल बाहेर." गल्लीत नेऊन त्याला टाचांवर चार पावलं चालायला लावतात, मग चवड्यांवर. चप्पल निसटते का विचारतात. पाऊल उचलत नसेल तर त्याच दिवशी गाडी करायला लावतात. आणि ज्याला लाज वाटेल असा तो प्रश्न, तो नाना मोठ्याने विचारतात, बायामाणसांसमोरसुद्धा.

वाचकहो, तुमच्या घरी कुणाची कंबर धरून दुखणं पायात उतरलं असेल, तर आज संध्याकाळी त्याला टाचांवर चार पावलं चालायला सांगा. आणि लघवीचं विचारायला लाजू नका.