मोगऱ्याचे पाणी

वैशाखात माझ्या दारचा मोगरा फुलला की मला दोन गोष्टी एकदम होतात. आनंद होतो, आणि थोडे चोरट्यासारखे वाटते. आनंदाचे कारण सांगायला नको. तापलेल्या अंगणात संध्याकाळी पाणी शिंपडून ज्याने मोगऱ्याची पहिली कळी खुडली आहे, त्याला ते ठाऊक आहे. चोरटेपणाचे मात्र सांगितले पाहिजे. दिवाळीच्या दिव्यांत बसून उन्हाळ्याच्या गोष्टी काय काढता, असे कोणी म्हणेल. पण पाण्याचा विचार विहिरी भरलेल्या असतानाच करावा. त्या आटल्यावर माणूस विचार करीत नाही, भांडतो.

मी राहतो नाशिकच्या अंबडला. अंबड म्हटले की लोकांना कारखाने आठवतात, पाळीवर जाणारी माणसे आठवतात, मालमोटारींची रांग आठवते. बाग कोणाला आठवत नाही. मोगलाईत या नाशिकला गुलशनाबाद म्हणत, म्हणजे फुलांच्या बागेचे गाव. ते नाव आमच्या अंबडला कोणी थट्टेनेही देणार नाही. तरी चैत्र सरत आला की आमच्या रस्त्यालाही पालवी फुटते. कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहर सकाळी पायरीवर पडलेला असतो. करंज नव्या पोपटी पानांनी इतका चकाकतो की जणू आत्ताच कोणी तेल लावून पुसला आहे. वैशाखात कारखान्याच्या भिंतीलगतचा बहावा पिवळ्या घोसांनी लवतो आणि कोपऱ्यावरचा गुलमोहर पेटतो. हा गुलमोहर मूळचा मादागास्करचा; पण परक्या मुलखातून येऊन तो इतका घरचा झाला आहे, की त्याच्यावाचून आपला मे महिना आपल्याला ओळखूच येणार नाही.

या झाडांचा आनंद निर्वेध आहे. ती माझ्याकडे काही मागत नाहीत. त्यांची मुळे खोल गेलेली असतात. रस्त्याचे डांबर पायाला चिकटते, त्या दिवसांत ती कुठून ओल ओढून आणतात ते त्यांचे त्यांना माहीत. बहाव्याखाली उभे राहून कितीही वेळ वर पाहावे, कोणाचे काही उणे होत नाही. मोगऱ्याचे तसे नाही. मोगरा हा माणसाच्या हातचा जीव. त्याला रोज बादलीभर पाणी लागते, आणि ते मी घालतो.

एका वैशाखात मी असाच बादली घेऊन उभा होतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी ओट्यावर टेकल्या होत्या. त्यांचे माहेर पेठच्या बाजूला, डोंगरात. नुकत्याच आखाजीला जाऊन आल्या होत्या.

"काय मावशी, माहेरी पाणीबिणी आहे ना?" मी सहज विचारले.

"आहे की दादा. वहिनी पहाटंची विहिरीत उतरती. वाटीवाटीनं हंडा भरायचा. भरला की दुसरीनं उतरायचं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गावाला आंबे कसे आले हे सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले. पण माझ्या हातातली बादली एकाएकी जड झाली. तिच्यात किती वाट्या असतील, असा हिशेब मन आपोआप करू लागले.

विचित्र गोष्ट अशी की पेठ-सुरगाण्याकडे पाऊस आमच्या अंबडपेक्षा कितीतरी पट पडतो. आषाढात तिकडे डोंगर दिसत नाहीत, नुसते पाणी दिसते. पण खाली काळा कातळ. तो पाणी धरून ठेवीत नाही. पावसाळा सरतो, ओढे उतारावरून धावत निघून जातात, आणि होळीनंतर त्याच गावात वाटीने पाणी भरायची वेळ येते. आम्हाला मात्र १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूरचे धरण आहे. गोदावरी तिथे अडते म्हणून आमच्या घरी तोटी फिरवली की काम होते. यात माझे कर्तृत्व एवढेच, की मी धरणाच्या खालच्या अंगाला राहतो.

त्या दिवसापासून मी मोगऱ्याचे पाणी बंद केले. चार दिवस केले. मनाला बरे वाटले. पाचव्या दिवशी पाने मलूल झाली आणि मला प्रश्न पडला, की मी वाचवलेले ते पाणी गेले कुठे? मावशींच्या वहिनीच्या हंड्यात तर नक्की गेले नाही. माझ्या झाडाने उपास केला म्हणून पेठची विहीर भरत नाही. माझा त्याग माझ्यापाशीच राहिला होता. त्याचा उपयोग मला स्वतःविषयी चांगले वाटण्यापलीकडे नव्हता. पण लगेच मनाने दुसरे टोक गाठले: मग खुशाल पाणी घाला, कोणाचे काय जाते! हे उत्तर फार सोयीचे होते, आणि सोयीचे उत्तर हाती आले की मी जरा सावध होतो.

आमच्या घरापासून जवळच त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्याच्याशी संबंध नाही, ती बौद्ध भिक्षूंची लेणी. तिथे दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने केलेल्या दानांची यादी त्यात कोरली आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ती यादी मी पुन्हा जाऊन पाहिली. लिपी मला वाचता येत नाही, अर्थ पुस्तकातून ठाऊक होता. त्यात गाई आहेत, सोने आहे, धर्मशाळा आहेत. आणि एका दमात बाग, तळे व विहीर यांची नावे आहेत. पुढे नद्यांच्या दोन्ही तीरांवर घातलेल्या पाणपोया आहेत. शेवटी हे लेणे आणि त्याच्या जोडीला कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी.

राजघराण्यातला माणूस स्वतःची स्तुती कोरून ठेवतो, तेव्हा ती सगळी खरी मानू नये. पण माणूस कशाची बढाई मारतो यावरून त्या काळी कशाला मोल होते ते कळते. बाग ही त्या काळी पुण्यात मोडत होती. मला धीर आला. मग यादीचा क्रम पुन्हा मनात घोळला आणि धीर थोडा ओसरला. ती बाग एकटी नव्हती. तिच्या एका अंगाला तळे होते, विहीर होती, आणि पुढे तहानलेल्या वाटसरूची पाणपोई होती. माझ्या मोगऱ्याच्या शेजारी काय होते? कुंपण.

बागवानीतला एक शब्द मला तेव्हा नव्याने कळला. डाळिंबवाले बहर धरण्यापूर्वी झाडाला 'ताण' देतात, म्हणजे काही आठवडे पाणी तोडतात. मोगऱ्यालाही थंडीत असा ताण देऊन, छाटून, मग खत-पाणी दिले की तो अंगभर फुलतो. तहान फुलाला मारक नाही, उलट पोषक आहे, असे म्हणून मी एक सुंदर तत्त्वज्ञान रचणार होतो. पण ताण देणाऱ्याच्या हाती पाणी असते. केव्हा तोडायचे आणि केव्हा सोडायचे हे तो ठरवतो. विहिरीत उतरलेल्या बाईला कोणी ताण दिलेला नाही. तिच्या तहानेतून काही फुलत नाही. दोन्हींना एकच नाव देणे हा भरल्या पोटाचा खोटेपणा झाला असता.

आता आमच्याकडे तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी मोगऱ्याला जाते. कुंपणाबाहेर, पाळीवर जाणाऱ्यांसाठी, उन्हाळाभर एक माठ असतो. तो भरायचे काम माझे. यात पुण्य फार नाही, आणि पेठच्या विहिरीला याने काही झाले नाही. डोंगरात पाणी अडवायचे काम माठाने होत नसते. ते मोठे काम आहे, आणि ते व्हावे म्हणून तोटीखालच्या माणसांनीही बोलले पाहिजे एवढे मला कळले. चोरटेपणा पुरता गेला आहे का? नाही. तो पुरता जाऊ नये असेच आता वाटते. आनंदावर तेवढा कर असावा.

मावशींनी मात्र माझी एवढी तात्त्विक खळबळ ऐकलीच नाही. त्यांनी त्याच वैशाखात, ओंजळभर फुले वेणीसाठी घेता घेता विचारले, "दादा, याचं एखादं रोप द्याल का? वहिनीला न्यायचंय."

मी चकित झालो. म्हटले, "अहो, पण पाणी?"

"भांडी घासल्याचं पडतंच की दारात," त्या म्हणाल्या. "तिला फूल नको का?"

या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही. मी मोगऱ्याची एक फांदी वाकवून मातीत दाबली, वर दगड ठेवला. श्रावणात तिला मुळे फुटली. ते रोप डोंगरात गेले. परवा दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन मावशी आल्या, तेव्हा मी रोपाची चौकशी केली. "जीव धरलाय त्यानं," त्या म्हणाल्या.

वैशाख अजून लांब आहे.