गळाचा मासा, कोणाचा घास?

मासे धरणे हा मनुष्याचा फार जुना व्यवसाय आहे आणि तितकाच जुना विरंगुळाही आहे. एकाच कृतीला अशी दोन नावे मिळाली की तेथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या घरी आज मासळी विकली गेली नाही तर उद्या चूल पेटणार नाही, त्याने जाळे टाकले तर कोणी जाब विचारत नाही. परंतु ज्याच्या घरी धान्य भरलेले आहे, त्याने केवळ मित्रांच्या संगतीत एक दिवस मौजेत जावा म्हणून पाण्यातून जीव काढला, तर त्या मौजेचे मोल कोण चुकवतो? प्रश्न क्षुल्लक वाटेल. आमच्या मते तो तसा नाही, कारण मनुष्याचे अंतःकरण त्याच्या श्रमापेक्षा त्याच्या करमणुकीत अधिक उघडे पडते.

वसई-उत्तनच्या वाचकांना कदाचित हसू येईल. बारामती-इंदापूरच्या अवर्षणी पट्ट्यात मासेमारी कसली, असे ते विचारतील. त्यांनी एकदा भिगवणच्या बाजूने यावे. सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी मागे सरकत इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांच्या शिवारांत पसरले. 117 टीएमसी साठवणक्षमतेचा हा यशवंतसागर पावसाळ्यानंतर तुडुंब भरला की पैलतीर धूसर होतो आणि वारा सुटला की लाटाही उठतात. या पाण्याखाली गावे गेली, मळे गेले, पूर्वजांची घरे गेली. दुष्काळात पाणी आटले की पळसदेवचे पुरातन पळसनाथ मंदिर पुन्हा उघडे होते आणि जुन्या गावाची आठवण करून देते. एकाचे शिवार बुडाले तेव्हा दुसऱ्याच्या उसाला पाणी मिळाले आणि तिसऱ्याच्या ताटात मासा आला. उजनीच्या काठी बसून जेवणाऱ्याने हे विसरू नये.

या जलाशयावर पिढीजात भोई आपला संसार चालवतात आणि इतरही अनेक कुटुंबे पोट भरतात. भिगवणची मासळी दूरवर जाते. तिच्यासाठी पुण्याहून लोक शंभर किलोमीटरचा प्रवास करून जेवायला येतात. आणि सुटीच्या दिवशी बारामती, इंदापूर, वालचंदनगर येथून तरुणांचे मेळेही गळ, दोरा, पातेले आणि मसाल्याची पुडी घेऊन काठावर उतरतात.

त्यांच्या या छंदात काही चांगलेच नाही, असे म्हणणारे आम्ही नव्हे. गळ टाकून बसणाऱ्याला गप्प बसावे लागते, आणि आजच्या काळात चार तरुण दोन तास गप्प बसले तर ती लहान गोष्ट नव्हे. मासा लागला तर खवले काढणे, पोट साफ करणे, हळद-मीठ लावणे, तीन दगडांची चूल मांडणे, वाऱ्यात विस्तव जपणे ही कामे वाटून घ्यावी लागतात. घरी आईने वाढलेल्या कालवणात मीठ कमी झाले म्हणून कुरकुरणारा मुलगा येथे करपलेला तुकडाही गोड मानून खातो. अन्न कोठून येते आणि त्यासाठी किती हात राबतात, हे त्याला प्रथमच कळते. मैत्रीला एकत्र केलेल्या कामाची जोड मिळाली की ती टिकते.

शुभवर्तमानातही असा एक प्रसंग आहे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र मासे धरायला जातो असे सांगतो आणि सोबती लगेच त्याच्याबरोबर निघतात. ते सात जण होते. ज्या पाण्यावर ते गेले त्याला आपण समुद्र म्हणतो, पण ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. लूक तर त्याला सरोवरच म्हणतो. आमच्या उजनीसारखेच ते चहूबाजूंनी गावांनी वेढलेले आणि अचानक वादळ उठवणारे पाणी. त्या सरोवरात मिळणाऱ्या एका माशाला ख्रिस्ती परंपरेने संत पेत्राचा मासा असे नाव दिले, कारण कराचे नाणे ज्या माशाच्या तोंडात सापडले तो हाच अशी श्रद्धा रूढ झाली. हा मासा आमच्या काठावर मुबलक मिळणाऱ्या चिलापीच्या कुळातला आहे. चिलापी ही मूळची आफ्रिकेची; तिची एक जात 1952 साली भारतात आणली गेली, आणि आज उजनीच्या बाजारात चिलापीचे ढीग लागतात.

या चिलापीची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तिची मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिल्ले बाहेर पडली तरी काही दिवस संकट दिसताच ती आईच्या तोंडात शिरतात. त्या काळात ती माता जवळजवळ काहीच खात नाही. पेत्राला माशाच्या तोंडात नाणे सापडले. आमच्या तरुणाला कधी एखाद्या माशाच्या तोंडात सारी पुढची पिढी सापडते. अशा वेळी त्याने काय करावे?

अनुवादाच्या पुस्तकात या प्रश्नाला जवळचा एक नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले आणि मादी अंड्यांवर वा पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्लांसह आईला घेऊ नये, तिला सोडून द्यावे, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात दिली आहे. लक्षात घ्यावे की हा नियम खाण्यास मनाई करत नाही. घेण्याला मर्यादा घालतो. ज्या उगमातून अन्न येते तो उगमच खाऊन टाकू नये, एवढे तो सांगतो. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांनी हे तत्त्व शाळेत न जाता ओळखले होते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचा त्यांचा रिवाज होता. आज जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तिच्या मुळाशी हेच शहाणपण आहे. उलट आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्या-नाल्यांतून वर चढणारे, गाभोळीने पोट भरलेले मासे धरण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. चढणीचा मासा चवीला उत्तम खरा. परंतु त्या एका घासात पुढील वर्षाचे शेकडो घास असतात, आणि ते आपले नसून बहुधा एखाद्या भोयाच्या मुलांचे असतात. बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटभर पिल्ले उपसणाऱ्यांविषयीही हेच म्हणावे लागते.

दुसरा विचार माशाच्या वेदनेचा. मासा ओरडत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही, असा समज फार काळ चालत आला. 2003 साली ब्रिटिश संशोधक लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर व तोंडाजवळ इजा जाणवणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. मासा मनुष्यासारखे दुःख भोगतो की नाही, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु शंका असेल तेथे दयेच्या बाजूने निर्णय घ्यावा हे बरे. 1992 सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग रास्त मानला आहे, मात्र त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवले आहे. म्हणून धरलेला मासा काठावर तडफडत ठेवून त्याच्याभोवती हसणे हे पुरुषार्थाचे लक्षण नाही. खायचा असेल तर त्याला झटकन मारावे. खायचा नसेल तर धरूच नये.

येथे आमच्या शेजाऱ्यांचाही विचार येतो. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढीच्या वाटेवर बारामतीहून इंदापूरकडे याच मुलखातून जाते. तुळशीची माळ घातलेला वारकरी मासा खात नाही. त्याच्या त्यागाला काही जण भाबडेपणा समजतात. पौलाने रोमकरांस लिहिताना याच वृत्तीला आवर घातला आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोषी ठरवू नये. आम्हांला खाण्याची मोकळीक आहे. ती मोकळीक कोणाच्या नाकासमोर मिरवण्याची वस्तू नव्हे. आणि खरे सांगायचे तर, वर्षभर व्रत पाळणाऱ्या त्या शेजाऱ्यापुढे आपला उपवासकाळ कधी कधी फिका वाटतो. शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मटणाहून महाग पापलेट वा सुरमई आणून मेजवानी करायची, यात नियम पाळला जातो, पण प्रायश्चित्त कोठे राहते? 1966 साली पोप पौल सहावे यांनी प्रायश्चित्ताच्या नियमांची नवी मांडणी केली, तेव्हा बाह्य आचार अंतरीच्या परिवर्तनापासून तुटू नये हाच त्यांचा आग्रह होता. गरिबाचा मासा श्रीमंताच्या उपवासाने महाग होऊ नये.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. चार मुलांनी गळाने चार मासे धरले तर काय बिघडले? उजनीचे खरे नुकसान दुसरीकडेच होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून वाहत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि पुढे याच जलाशयात येऊन थांबते. जो नागरिक सकाळी आपल्या घरातील घाण नदीकडे लोटतो, तोच रविवारी भिगवणला येऊन ताजा मासा मागतो. आक्षेप खरा आहे. गळ टाकणाऱ्या मुलाला दटावायचे आणि नदी नासवणाऱ्या शहराबद्दल मौन पाळायचे, हे मुरकूट गाळून उंट गिळण्यासारखेच होईल. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले, ते अशाच ठिकाणी पटते. पाणी नासले की आधी मासा मरतो, मग मच्छीमाराचे कर्ज वाढते. शहरातल्या जेवणाऱ्याला फार तर दुसरे हॉटेल शोधावे लागते. परंतु दुसऱ्याचे पाप मोठे आहे म्हणून आपले कर्तव्य लहान होत नाही. जो काठावरची घाण आणि बारीक पिल्ले पाहून अस्वस्थ होईल, तोच उद्या नगरपालिकेच्या दारात जाऊन सांडपाण्याचा जाब विचारील. काठावर प्लास्टिक टाकून येणारा विचारणार नाही.

धाडसाविषयीही दोन शब्द. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा अंत झाला. त्यांत बालकेही होती. ते मौजेसाठी नव्हे, नित्याच्या प्रवासासाठी निघाले होते. ज्या पाण्याने असे बळी घेतले, त्यावर पैजा लावून, जीवरक्षक जॅकेट न घालता, नको म्हणणाऱ्या नावाड्याला पैशाची भूल घालून खोल पाण्यात जाणे याला धैर्य म्हणत नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांनी भ्याडपणाप्रमाणेच अविचारी धाडसही धैर्याच्या विरुद्ध मानले आहे. नावाड्याचा ‘नको’ ऐकणे हा मैत्रीचाच भाग आहे. त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असते.

मग मौजेसाठी मासे धरावेत की नाही? आमचे उत्तर असे की, धरावेत, पण ऋण मानून. खाता येईल तेवढेच घ्यावे. लहान मासा आणि अंडी धरलेली मादी परत पाण्यात सोडावी. ज्यांचा तो उदरनिर्वाह आहे त्यांच्या जाळ्यांना धक्का लावू नये, त्यांची जागा बळकावू नये. आणि गळाला काही लागले नाही तर त्यांच्याकडून विकत घ्यावे व दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. काठ होता त्याहून स्वच्छ ठेवून यावे. आणि शिजवलेल्या अन्नात, ज्याला काही मिळाले नाही त्याचाही वाटा असावा.

योहानाच्या त्या अध्यायातील एक बारकावा येथे उपयोगी पडेल. शिष्य किनाऱ्यावर येतात तेव्हा पुनरुत्थित प्रभूने विस्तव पेटवलेला असतो आणि त्यावर मासळी आधीच ठेवलेली असते. त्याला त्यांच्या माशांची गरज नव्हती. तरीही तो त्यांनी धरलेल्यांतील काही मासे आणावयास सांगतो. जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे होते. तो सगळे मागत नाही, काही मागतो. मनुष्याचे श्रम त्याला न्याहारीत सामील करून घ्यायचे होते. इतके मासे असूनही जाळे फाटले नाही, अशीही नोंद शुभवर्तमानकाराने केली आहे. न्याहारी आटोपल्यावर प्रभू पेत्राला प्रीतीविषयी तीनदा विचारतो आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवतो. काठावरच्या जेवणानंतर मनुष्यावर कोणाची तरी जबाबदारी येते, ती अशी. आमच्या तरुणांनी आनंदाने गळ टाकावा, आनंदाने जेवावे आणि उठताना एवढे विचारावे: या पाण्यावर उद्या कोणाची भाकरी अवलंबून आहे, आणि तिच्यासाठी आपण काय मागे ठेवले?