हृदय स्वतःसाठी किती घेते?

१६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने एक साधा हिशेब जगापुढे मांडला. एका ठोक्यास हृदयातून जेवढे रक्त बाहेर पडते, त्याला अर्ध्या तासातील ठोक्यांनी गुणले, तर उत्तर सबंध शरीरातील रक्ताहून अधिक येते. इतके रक्त दर अर्ध्या तासाला नवे निर्माण होणे शक्य नाही. अर्थात तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. प्रौढ माणसाचे हृदय स्वस्थ बसल्या वेळीही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे लोटते, हे आज आपण जाणतो. म्हणूनच उपदेशात आपण सांगतो की, हृदयासारखे देत राहा.

पण देणाऱ्याने स्वतःसाठी काही घ्यावे काय? आपल्या लहान मंडळ्यांत शब्बाथशाळा, गायन, आजाऱ्यांच्या भेटी आणि हिशेब ही सारी कामे बहुधा त्याच चारपाच जणांवर पडतात. ती दमली, तरी विसावा मागणे त्यांना पाप वाटते.

हृदयाच्या रचनेत येथे विचार करण्याजोगी गोष्ट आहे. हृदयाच्या पोकळ्या रक्ताने भरलेल्या असतात; तरी आतला अगदी पातळ थर सोडला, तर त्याच्या स्नायूला त्या रक्तातून पोषण मिळत नाही. महारोहिणीला फुटणाऱ्या पहिल्या दोन शाखा हृदयाकडेच वळतात. त्यांतून सुमारे विसावा हिस्सा हृदय घेते. बाकीचे सर्व इतरांचे. शिवाय डाव्या जवनिकेच्या जाड भिंतीला हे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात पोहोचते. ठोके फार जलद झाले की प्रथम तो विसावाच आखडतो. आणि या शाखा बंद झाल्या, तर पोकळीत रक्त असूनही भिंत उपाशी मरते.

दर आठवड्याला मुलांसाठी वचन उघडणारा, पण स्वतःसाठी कधीच न उघडणारा शिक्षक याच धोक्यात असतो. वचन त्याच्या हातून जाते, त्याच्यात मुरत नाही.

शरीराच्या दाखल्याने नीती सिद्ध होत नाही, हे आम्ही मान्य करतो. हृदयाला निवड नसते. आपल्याला आहे, आणि विसाव्याच्या नावाखाली आळस लपवणेही आपल्याला जमते. त्यासाठी मार्काचा सहावा अध्याय पाहावा. शिष्यांना जेवायलाही सवड उरली नाही, तेव्हा प्रभूने त्यांना एकांती नेले. परंतु लोक तेथेही आले, तेव्हा त्याला त्यांचा कळवळा आला आणि त्याने त्यांना परत पाठवले नाही. विसावा त्याने योग्य मानला; त्यावर हक्क मात्र सांगितला नाही.

मग कसोटी कोणती? घेतलेला वाटा पुढच्या ठोक्याला बळ देतो की घेणाऱ्याजवळच साठून राहतो, हे पाहावे. आणि मंडळीने हेही पाहावे की, ज्यांच्याकडून आपण दर रविवारी घेतो, त्यांना घेण्यासाठी आपण एखादा तरी रविवार मोकळा ठेवला आहे काय?