अवयव न पाडता

शाळेत मूळ संख्येची ओळख नकारातून होते: १ आणि ती स्वतः, एवढे सोडून जिला कुणी भागत नाही ती. साहजिकच, संख्या मूळ आहे हे दाखवायचे तर एकेक विभाजक लावून पाहायचा, असे आपण धरून चालतो. शतकानुशतके गणितज्ञही याच वाटेने गेले. १७७२ मध्ये ऑयलरने २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, ही संख्या मूळ ठरवली, तेव्हा त्याची करामत भागाकार वाचवण्यात होती. हिचे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे येते. तिथवरचे सगळेच मूळ विभाजक तपासायला नकोत. २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरते तेवढेच पाहिले की पुरे, हे त्याने ओळखले. चाळण बारीक झाली खरी, पण होती चाळणच.

ही वाट सोडली ती फ्रान्सच्या एदुआर ल्युकाने. १८७६ मध्ये त्याने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली, तीही विभाजक न शोधता. त्याच्या पद्धतीला लेमरने १९३० च्या सुमारास दिलेले नेटके रूप कागदावर करून पाहण्याजोगे आहे. १२७ घ्या, हा २ चा ७ वा घात वजा १. ४ पासून निघा, वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी तेवढी ठेवा आणि पुन्हा तेच. ४, १४, ६७, ४२, १११, ०. घातांकाहून दोन कमी, म्हणजे पाच पायऱ्या झाल्यावर शून्य आले, म्हणून १२७ मूळ. शून्य आले नसते, तर संयुक्त. मूळपणा आता विभाजकांच्या अभावावर नव्हे, संख्येच्या वागणुकीवर ठरू लागला.

यावर आक्षेप येतो: अवयव दाखवता येत नसतील तर संयुक्त म्हणण्यात अर्थ काय? मर्सेनने १६४४ मध्ये मूळ म्हणून नोंदवलेली २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या ल्युकाने याच तऱ्हेने संयुक्त ठरवली. अवयव मात्र त्याच्या हाती नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक कोलने न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मधली सत्तावीस वर्षे ल्युकाचा निष्कर्ष पोकळ होता काय? मला तसे वाटत नाही. संयुक्त असणे ही एक माहिती, अवयव ही दुसरी. पहिली दुसरीवाचून पक्की असू शकते. १९७७ ची आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत तर याच दरीवर उभी आहे: मोठ्या मूळ संख्या शोधणे सोपे, त्यांच्या गुणाकाराचे अवयव पाडणे महाकठीण.

ल्युकाची कसोटी विशिष्ट घडणीच्याच संख्यांना लागू पडते, ही तक्रार मात्र रास्त होती. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ती मिटवली. कोणत्याही संख्येचा निकाल, सिद्ध न झालेल्या गृहीतकाच्या आधाराने किंवा नशिबाच्या भरवशावर नव्हे तर खात्रीने, बेताच्या पायऱ्यांत लावता येतो हे त्यांनी सिद्ध केले. त्यांची रीतही संख्या संयुक्त निघाली तर बहुधा अवयव सांगत नाही.

२ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही.