देह तोच, माणूस दुसरा

परतवाड्याहून धामणगाव गढीच्या वाटेने घाट चढून चिखलदऱ्याला गेले की गाइड आधी कीचकदरा दाखवतो. भीमाने कीचकाला मारून त्याच दरीत फेकले, असे इथली माणसे आजही खात्रीने सांगतात. जवळच मेळघाटातले उंच ठिकाण, वैराट. लोकांच्या मते हीच विराटाची नगरी. पांडवांनी अज्ञातवासाचे वर्ष इथे काढले. युधिष्ठिर द्यूत खेळणारा कंक झाला, भीम बल्लव नावाचा आचारी, अर्जुन बृहन्नडा आणि द्रौपदी सैरंध्री. म्हणजे नाव, काम आणि वेष बदलल्यावर माणूस तोच राहतो का, या प्रश्नाची गोष्ट या डोंगराला शतकानुशतके चिकटून आहे.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कोरकूंची गोष्ट आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरच्या ग्रंथात ती नोंदवली. सातपुडा ओसाड पाहून रावणाने महादेवाला तिथे माणसे वसवण्याची विनंती केली. महादेवाने कावळ्याला लाल मातीचे वारूळ शोधायला धाडले. बैतुलकडच्या डोंगरात ते सापडले, तेव्हा तिथल्या मातीतून एक बाई आणि एक पुरुष घडवला. पण इंद्राने सोडलेले घोडे आले आणि दोन्ही मूर्ती तुडवून गेले. पुन्हा घडवल्या, पुन्हा तुडवल्या. शेवटी महादेवाने आधी कुत्रा घडवला, त्यात प्राण फुंकला आणि त्याने घोड्यांना अडवले. मग मुला आणि मुलाई हे पहिले जोडपे जगले. एका जमातीने आपली ओळख सांगताना रावणाचे नाव कृतज्ञतेने घ्यावे, इंद्राला आडवा आलेला दाखवावे आणि माणसाच्या आधी कुत्र्याला जन्म द्यावा, ही कल्पनेची झेप साधी नाही. परतवाड्याच्या बाजारात दर आठवड्याला खाली उतरणाऱ्या माणसांची ही उत्पत्तिकथा आहे. ती इथल्या शाळेतल्या किती मुलांना माहीत असते?

तरीही ओळख, श्रद्धा आणि कायापालट या तिन्हींना एकाच वेळी हात घालणारी वऱ्हाडातली सर्वांत धाडसी गोष्ट डोंगरात नाही, सपाटीवर आहे. चांदूरबाजारमार्गे मोर्शी तालुक्यात गेले की रिद्धपूर लागते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, साधारण 1278च्या सुमारास, म्हाइंभटांनी इथे लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्यातला हा आद्य ग्रंथ. त्याच्या एकांक या भागात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या आरंभीच्या आयुष्याची हकिकत येते. महानुभाव पंथीयांसाठी ती प्रत्यक्ष ईश्वराची लीळा आहे, आणि तिला कल्पित म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाला नाही. पण आज जगभर ज्याला फँटसी म्हणतात त्या वाङ्मयाने जे प्रश्न विचारावेत, ते या हकिकतीने इतक्या नेमकेपणाने विचारले आहेत की मराठीत लिहिणाऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवणे हा करंटेपणा ठरेल.

हकिकत अशी. फलटणचे चांगदेव राऊळ द्वारावतीला, म्हणजे द्वारकेला राहत. हाती खराटा आणि सूप घेऊन गावचे रस्ते झाडत, केर गोमतीत टाकत. कामाख्या नावाची एक योगिनी त्यांच्याकडे संगाचा हट्ट धरून बसली, तेव्हा त्यांनी देहच ठेवला. त्याच सुमारास गुजरातेत भडोचला विशाळदेव प्रधानाचा तरुण मुलगा हरिपाळदेव वारला. प्रेत स्मशानात नेलेले. चांगदेव राऊळ त्या देहात शिरले आणि मेलेला मुलगा उठून बसला. घरी आनंदीआनंद झाला.

इथे थांबून विचार करावा असे बरेच आहे. फ्रांत्स काफ्काच्या 1915 सालच्या प्रसिद्ध कथेत ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो तो किडा होऊन. मन जुनेच, देह नवा, आणि घरचे त्याला हळूहळू टाकून देतात. हरिपाळाच्या हकिकतीत सगळे उलटे आहे. देह जुनाच, आतला नवा, आणि घरचे त्याला कवटाळतात. काफ्काचा माणूस ओळख हरवतो, कारण लोक फक्त देह पाहतात. हरिपाळाला सगळे ओळखतात, तेही फक्त देह पाहूनच. दोन्हीकडे डोळ्यांची फसगत एकच आहे. मात्र वऱ्हाडात लिहिली गेलेली हकिकत अधिक अवघड जागी बोट ठेवते. जो मुलगा खरोखर गेला, त्याच्यासाठी कोणीही रडत नाही, कारण त्याचा देह समोर चालतोबोलतो आहे. फँटसी लिहिणाऱ्या आजच्या लेखकाला एवढी एकच कल्पना सुचली असती तरी त्याने तिच्यावर कादंबरी उभी केली असती.

हकिकत पुढे आणखी जमिनीवर येते. हा प्रधानपुत्र जुगार खेळतो, हरतो, देणे होते. पत्नी कमळाइसेकडे तो दागिने मागतो. ती देत नाही. बाप देणे फेडतो, पण मुलाचे मन संसारातून उठते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो, बरोबरची माणसे वाटेतून परत पाठवतो आणि एकटाच चालत रिद्धपूरला येतो. परकायाप्रवेशासारखा चमत्कार सांगितल्यावर कथा उदबत्तीच्या धुरात विरघळत नाही. ती घरात, नवराबायकोच्या बोलण्यात आणि दागिन्यांच्या डब्यापाशी येऊन उभी राहते. हेच तिचे बळ आहे. अद्भुत एकदाच घडते, आणि त्यानंतरची प्रत्येक गोष्ट रोजच्या व्यवहाराच्या नियमांनी चालते.

रिद्धपुरात गोविंदप्रभू होते. गुंडम राऊळ. मनाला येईल तसे वागणारे, मातंगांच्या घरी सहज जाणारे, गावाला वेडे वाटणारे आणि गावालाच देव वाटणारे. त्यांनी आपल्या खाण्यातला प्रसाद या अनोळखी तरुणाला दिला, आणि हरिपाळाचे चक्रधर झाले. कथेतला खरा पेच इथे आहे. परंपरेनुसार गोविंदप्रभूंना ज्ञानशक्ती मिळाली होती ती द्वारावतीला, चांगदेव राऊळांकडूनच. म्हणजे ज्याने दिले, तोच दुसऱ्या देहाने, दुसऱ्या नावाने, ज्याला दिले त्याच्या दारात घेणारा म्हणून उभा राहिला. गुरू आणि शिष्य यांची जागा इतक्या सहजपणे बदललेली दुसरीकडे क्वचितच दिसते. मोठेपणा देहाला लागून येत नाही आणि नावालाही नाही, हे इथे व्याख्यान न देता घडून जाते.

शंकराचार्यांची अमरु राजाची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिथेही मृत देहात प्रवेश आहे. पण आचार्यांचा मूळ देह शिष्य राखत बसतात, काम झाले की ते परत येतात, आणि सगळे पूर्ववत होते. चक्रधरांच्या हकिकतीत परतीची वाट नाही. मागचा देह गेला तो गेला. पुढे सालबर्डीच्या डोंगरातले एकांतवासाचे आणि भ्रमंतीचे दिवस, पैठणपासून वऱ्हाडापर्यंतचा सगळा प्रवास, हे सारे त्या परक्या देहातच झाले. ज्या कथेत बदल परत फिरवता येतो, तिथे ओळखीचा प्रश्न पणाला लागतच नाही.

आजचे फँटसीचे अभ्यासक म्हणतात की कल्पित जगातल्या जादूला नियम हवेत, नाहीतर वाचकाचा विश्वास उडतो. महानुभाव आचार्यांनी सातशे वर्षांपूर्वी अवताराचे प्रकारच लावून दिले. गर्भातून येणारा एक, पतित म्हणजे निष्प्राण देह स्वीकारणारा दुसरा, आणि जिवंत देहातल्या जीवाला दूर सारून येणारा तिसरा. चक्रधर दुसऱ्या प्रकारचे. श्रद्धा इथे गोंधळ माजवत नाही, उलट काटेकोर होते. उर्सुला ले ग्विन यांनी 1968 साली अर्थसी या कल्पित जगात खऱ्या नावांचा नियम घातला आणि त्याच्या आधारावर एका मुलाच्या अहंकाराची गोष्ट सांगितली, तीही याच काटेकोरपणाने.

आणि या हकिकतीचे परिणाम कथेपुरते राहिले नाहीत. देह म्हणजे मी नव्हे हे एकदा मनापासून मानले, की देहावर चिकटवलेल्या जातीचे आणि विटाळाचे काय उरते? चक्रधरांनी स्त्रियांना संन्यास दिला, महदाइसेसारख्या विचार करणाऱ्या शिष्येचे प्रश्न मोलाचे मानले आणि मासिक पाळीचा विटाळ देहाच्या इतर स्रावांपेक्षा वेगळा मानायला नकार दिला. हे सारे परकायाप्रवेशाच्या हकिकतीशी जोडून वाचावे. या हकिकतीने माणसाला देहापासून सोडवले, आणि मग आचरणाने त्याला चौकटीतून सोडवले.

ग्रंथाच्या वाट्याला आलेले भोगही विलक्षण आहेत. मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत हरवली आणि पंथातल्या हिराइसेच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी राहिली, असे परंपरा सांगते. पुढे पंथाने पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवल्या. विसाव्या शतकात ते कुलूप उघडले, हरि नारायण नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापले आणि वऱ्हाडातल्याच वि. भि. कोलते यांची संशोधित आवृत्ती 1978 साली आली. तोवर मराठीतल्या अद्भुताचा उगम लोक हळबे यांच्या 1861 सालच्या मुक्तामालेत आणि रिसबुडांच्या मंजुघोषेत शोधत होते. त्या कादंबऱ्यांत वेषांतरे रग्गड आहेत, पण वेष उतरला की आतला माणूस होता तसाच निघतो. त्या मनोरंजनासाठी होत्या, आणि तेवढे काम त्यांनी चोख केले.

आता परतवाडा-अचलपूरमधल्या मुलांच्या हाती हॅरी पॉटरचे मराठी भाषांतर आहे आणि मोबाइलवर ड्रॅगन आहेत. ते वाचू-बघू नये असे कोणी म्हणणार नाही. लिहिणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे की कथानक शोधायला समुद्र ओलांडण्याआधी चांदूरबाजार ओलांडावा. वऱ्हाडी बोलीत, कोरकूंच्या वारुळापाशी किंवा कमळाइसेच्या बाजूने कथा लिहून पाहावी. कमळाइसेचा नवरा स्मशानातून परत आला आणि तरी परत आला नाही. तिच्या मनात काय चालले असेल, याची कादंबरी अजून लिहायची आहे, आणि ती वऱ्हाडातल्या लेखणीनेच लिहावी. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तिथल्या वर्गांत लीळाचरित्र जुन्या भाषेचा नमुना म्हणून शिकवले जाईलच. नव्या लेखकांनी ते कथा कशी सांगावी हे शिकण्यासाठी वाचावे, आणि सुरुवात एकांकापासून करावी.