पाळीवरची माणसं

पोलंडमधल्या क्राकूव शहराचा मुख्य चौक सकाळी सातला पाहावा. पर्यटक अजून हॉटेलात असतात, घोडागाड्या यायच्या असतात. फुलवाल्या बायका बादल्या मांडत असतात, कोपऱ्यावर पीळ घातलेल्या गोल पावांची गाडी लागलेली असते आणि कामावर निघालेली माणसं चौक तिरका कापत भराभर पुढे जातात. सुमारे दोनशे मीटर लांब आणि तितकाच रुंद असा हा चौक १२५७ साली आखला गेला. त्याआधी सोळाच वर्षं, १२४१ मध्ये, मंगोल फौजांनी शहर उद्ध्वस्त केलं होतं. एवढं सोसल्यावरही लोकांनी नव्या शहराची आखणी इतकी ऐसपैस केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ठोके पडतात आणि सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते. एकच धून, चार खिडक्यांतून, चार दिशांना. चारही वेळा ती अर्ध्यावर तुटते. पहारेकरी मंगोल हल्ल्याची सूचना देत असताना त्याच्या गळ्यात बाण लागला आणि तिथेच सूर थांबला, अशी आख्यायिका सांगतात. जुन्या कागदपत्रांत या कथेचा माग लागत नाही. ती जगभर पोहोचली ती १९२८ सालच्या एका अमेरिकन बालकादंबरीमुळे.

आज तिथे खरोखर जे चालतं, ते मला त्या कथेहून मोठं वाटतं. मनोऱ्यावर शहराच्या अग्निशमन दलाचे जवान पाळीपाळीने असतात आणि दिवस असो, रात्र असो, दर तासाला तुतारी फुंकतात. पूर्वी या मनोऱ्यावरून वेशीचे दरवाजे उघडण्या-मिटण्याचा इशारा होई, आगीवर नजर ठेवली जाई. आता वेस नाही, मिटायला दरवाजे नाहीत. पहिली तुतारी वावेल टेकडीच्या दिशेने, म्हणजे राजासाठी. राजदरबार तर चारशे वर्षांपूर्वीच वॉर्सोला गेला. तरीही मान राजाचाच पहिला. एक धून फ्लोरियान दरवाजाकडे, शहरात येणाऱ्या पाहुण्यांसाठी. नगारखान्यातला चौघडा जसा ऐकायला कोणी आहे की नाही हे न पाहता झडतो, तशीच पहाटे तीनची तुतारी. दुपारी बाराची धून मात्र पोलिश रेडिओवरून १९२७ पासून देशभर ऐकू जाते.

त्याच चर्चमध्ये फाइट श्टोस या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं खपून लिंडनच्या लाकडात कोरलेली वेदी आहे. दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना तिची दारं उघडतात आणि आतल्या, माणसाहून उंच मूर्ती समोर येतात. त्या कोणा देवदूताच्या गुळगुळीत मूर्ती नाहीत. हातांवर शिरा तटतटलेल्या, कपाळावर आठ्या, गालांवर वयाच्या खुणा. गावातली माणसं पाहून पाहूनच हे कोरलं असणार. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर क्राकूवकरांनी ही वेदी सुटी करून दडवली. नाझींनी ती शोधून काढून जर्मनीला नेली. युद्धानंतर ती न्यूरेंबर्गच्या किल्ल्याखालच्या तळघरात सापडली आणि १९४६ मध्ये परत आली.

जुन्या शहरांविषयी बोलताना आपण ‘वारसा टिकला’ असं सहज म्हणून जातो. आपोआप काही टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्राकूवची तटबंदी जवळजवळ सगळी पाडली गेली. खंदक बुजवून तिथे प्लान्ती नावाची झाडांची हिरवी मेखला उभी राहिली. ती मला फार आवडते. पाडापाडीनंतर एवढं सुंदर काही क्वचितच होतं. पण त्या धडाक्यात फ्लोरियान दरवाजा आणि त्याच्या पुढ्यातला गोल बुरूज वाचला, तो फेलिक्स राद्वान्स्की या प्राध्यापकामुळे. त्यांनी शहराच्या सिनेटला पटवलं. हे दरवाजे गेले तर उत्तरेचे बोचरे वारे थेट चौकात घुसतील आणि लोक आजारी पडतील, असा त्यांचा युक्तिवाद होता म्हणतात. इतिहासाचा दाखला ज्यांच्या गळी उतरत नाही, त्यांना थंडीचा दाखला उतरतो, हे त्या शहाण्या माणसाने ओळखलं असावं.

१३६४ साली स्थापन झालेलं इथलं विद्यापीठ कोपर्निकसचं. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी व्याख्यानाच्या निमित्ताने प्राध्यापकांना बोलावलं आणि सगळ्यांना अटक करून त्यांतल्या बहुतेकांना छळछावणीत धाडलं. विद्यापीठ बंद झालं, पण शिकवणं पुढे घराघरांत, गुपचूप चालूच राहिलं.

क्राकूवला जाणाऱ्याने एवढं बघून परतू नये. ट्रॅम पकडून विस्तुला नदीपलीकडे पॉदगूझेला जावं. युद्धाआधी शहरातला जवळपास चौथा माणूस ज्यू होता. नाझींनी त्यांना इथल्या काही गल्ल्यांत कोंडलं आणि मार्च १९४३ मध्ये ती वस्तीच संपवली. जिथून माणसांना नेलं, त्या चौकात आता धातूच्या रिकाम्या खुर्च्या आहेत. त्याच चौकाच्या कडेला तादेउश पांक्येविच यांचं औषधाचं दुकान होतं. ते ज्यू नव्हते. दुकान दुसरीकडे हलवायची मुभा त्यांना होती. ती त्यांनी घेतली नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी वस्तीच्या अखेरपर्यंत दुकान चालवलं. म्हातारी दिसणारी माणसं आधी उचलली जात, म्हणून केसांचे कलप दिले. धाडीच्या वेळी लपलेली लहान मुलं रडू नयेत म्हणून गुंगीची औषधं दिली. निरोप पोहोचवले, वस्तू सांभाळल्या. पांक्येविच यांनी हे सगळं पुढे लिहून ठेवलं. त्या दुकानात आता संग्रहालय आहे. वावेलचा राजवाडा पाहायला जेवढा वेळ द्याल, तेवढाच या छोट्या दुकानालाही द्या.